बाजू संपेपर्यंत

मी काही हे किस्से ठरवून जमवले नाहीत. दामलेकाकांच्या ड्राइव्हवेवर बर्फ जमायचा, तसे ते जमले. आपण शोव्हल करून चहाला आत यावं आणि तेवढ्यात रस्ता साफ करणारा प्लाऊ येऊन तोंडाशी नवा ढीग टाकून जावा. आता सांगायला बसलोय तर ऐका, नाहीतरी इथे ते ऐकणारं फारसं कुणी उरलेलं नाही.

आमची बैठक दर रविवारी दुपारी दोनला, कॅनडातल्या कनाटात, दामलेकाकांच्या बेसमेंटमध्ये. सत्तरच्या दशकातलं इटालियन प्रोग्रेसिव्ह रॉक ऐकायचं. म्हणजे वीस-वीस मिनिटांची गाणी. आधी बासरी, मग ऑर्गन, मग एकदम कुणीतरी कळवळून गायला लागतो. इटालियन आमच्यात कुणालाच येत नाही. मतं मात्र प्रत्येकाची पक्की.

नियम दोन. रेकॉर्डची बाजू संपेपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. आणि बेसमेंटमध्ये राजकारण नाही, ते वर किचनमध्ये.

*

मी त्यात कसा शिरलो? मी नागपूरचा, टेलिकॉममध्ये टेस्टिंग करतो. बायको आईच्या आजारपणासाठी नागपूरला गेली ती तिकडेच राहिली. ती परत येणार नाही हे दोघांनाही माहीत आहे. फोनवर आम्ही हवामानाचं बोलतो.

त्याच दिवसांत इंडियन ग्रोसरीत एक गृहस्थ दिसले, हेच दामलेकाका. अंगात अशा बँडचा टी-शर्ट, की मला वाटायचं अख्ख्या कॅनडात तो बँड एकट्या मलाच माहीत आहे. जवळ जाऊन म्हणालो, "यांची दुसरी रेकॉर्ड पहिलीपेक्षा बरी."

हातात कोथिंबिरीची जुडी तशीच धरून ते पाऊण तास माझ्याशी भांडले. शेवटी त्यांची बायको, म्हणजे आमच्या काकू, काउंटरवरून आल्या आणि म्हणाल्या, "अहो, आधी नाव तरी विचारा त्यांचं."

काकांनी रविवारी बोलावलं. गेलो तर बाजू सुरू झालेली. काकांनी ओठांवर बोट ठेवलं आणि फर्नेसजवळच्या घडीच्या खुर्च्यांकडे बोट दाखवलं. मेंबर व्हायची रीत तेवढीच, आपली खुर्ची आपण ओढायची. मी ओढली. लोखंडी पाय काँक्रीटवर असे करकरले की सगळ्यांनी माझ्याकडे खाऊ का गिळू असं पाहिलं. त्या आठवड्यात ऑफिसबाहेर माझ्याकडे कुणी पाहिलं असेल तर ते तेवढंच. मला फार बरं वाटलं.

*

सगळे म्हणजे तरी किती? काका आणि सोहोनी. सोहोनी मुंबईचा, पक्का डावा. त्याच्या मते हे बँड लाल झेंड्याखाली कामगारांच्या जत्रेत वाजवायचे, म्हणून संगीत थोर. राजकारण काढलं तर नुसती बासरी उरते, म्हणायचा.

काका म्हणायचे, "अठरा मिनिटांचा ऑर्गन सोलो ऐकायला कुठल्या कामगाराला सुट्टी मिळते रे?"

सोहोनीचे स्वतःचे दोन कॉन्डो भाड्याने दिलेले. एकदा काकू चहा देता देता म्हणाल्या, "सोहोनी, तुमच्या भाडेकरूंना पण बोलवा की एकदा. चळवळ तरी पुरी होईल."

तो पुढचे दोन रविवार आला नाही. तिसऱ्या रविवारी आला, आणि काकूंसाठी चिवडा घेऊन आला.

*

काकू या संगीताला 'तुमचं ते इटालियन रडगाणं' म्हणायच्या, पण नियम पाळायच्या. बाजू चालू असली की जिन्यावरूनच खुणा. तीन बोटं म्हणजे तीन कप, चिमूट दाखवली की साखर किती.

एकदा वर मिरचीची फोडणी जळली आणि स्मोक अलार्म बोंबलायला लागला. खाली कुणी हललं नाही. बाजू चालू होती ना! काकूंनीच स्टुलावर चढून टॉवेलनं वारा घालून तो बंद केला.

बाजू संपली. पहिलं मत सोहोनीचं. डोळे मिटून म्हणाला, "शेवटचा सिंथेसायझरचा भाग फार धाडसी आहे. कारखान्याचा भोंगाच आणलाय त्यांनी."

*

शेजारी ब्रुनो राहायचा. ऐंशीचा, खरा इटालियन. आयुष्यभर काँक्रीटचं काम केलेला. एकदा आमचं शोव्हल परत करायला आला आणि जिन्यातच थबकला. मग खाली आला, खुर्ची ओढली आणि बसला.

आठ वर्षांचं भांडण आज मिटणार म्हणून आमचा जीव वर-खाली. सोहोनी म्हणायचा हे गाणं संपावर आहे, काका म्हणायचे समुद्रावर. बाजू संपताच सोहोनीनं विचारलं, "यात राजकारण आहे की नाही?"

ब्रुनोनं बराच वेळ टोपी हातात फिरवली. "हे लोक तिकडे गात होते तेव्हा मी इथे तुमच्या घरांचे पाये ओतत होतो," तो म्हणाला. "मला हे कुणी ऐकवलंच नाही."

गाणं कशावर आहे ते त्यानं सांगितलं नाही. पुढच्या रविवारी येऊ का, एवढं विचारलं. मेला त्या थंडीपर्यंत येत राहिला. मत कधीच दिलं नाही. त्याच्यासमोर आम्हालाही जरा जपूनच द्यावं लागायचं.

*

काकू गेल्या त्या ऑक्टोबरमध्ये. तेराव्यानंतरच्या रविवारी काकांचा फोन, "दोनला या." गेलो. चहा सोहोनीनं केला, पाणीच पाणी. जिन्याकडे कुणी बघत नव्हतं.

बाजू संपली. एरवी सुई उचलायच्या आधी तोंड उघडणारे आम्ही गप्प. रेकॉर्ड नुसती फिरतेय, खर्र खर्र.

काका म्हणाले, "बोला रे काहीतरी. राजकारण पण चालेल आज."

पंधरा वर्षं सोहोनी या परवानगीची वाट बघत होता. त्याला एक शब्द बोलता आला नाही.

*

नंतर सोहोनी देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, सरेला मुलीकडे गेला. काकांनी घर विकलं आणि व्हिटबीला मुलाकडे गेले. तिथे बेसमेंटमध्ये भाडेकरू, वर दोन वर्षांचा नातू, म्हणून टर्नटेबल आणि रेकॉर्डी माझ्या कॉन्डोत आल्या. जाताना काकांनी एक घडीची खुर्चीपण आपल्या गाडीत टाकली. मी हसलो तर म्हणाले, "असू दे."

मग मी एकटा. खरं सांगतो, शुक्रवारी संध्याकाळी ऑफिसमध्ये 'हॅव अ गुड वीकेंड' म्हटलं की सोमवारपर्यंत मला स्वतःचा आवाज ऐकू यायचा नाही. पहिल्या रविवारी रेकॉर्ड काढली आणि परत ठेवली. दुसऱ्या रविवारी काढलीच नाही. वाटलं, संपलं हे.

तिसऱ्या रविवारी बरोबर दोनला फोन वाजला. काका. "लाव," एवढंच म्हणाले.

मी ब्रुनोवाली बाजू लावली, फोन स्पीकरजवळ ठेवला आणि बसलो. तिकडे ते घरचा कॉर्डलेस कानाला लावून. दोघंही गप्प, नियमाप्रमाणे. त्यांचा श्वास तेवढा मधूनमधून यायचा.

पंधरा-सोळा मिनिटं झाली असतील. तिकडून त्यांच्या सुनेचा, ऋताचा आवाज. "बाबा, अजून होल्डवरच ठेवलंय तुम्हाला? हेल्थ कार्डवाले ना? द्या इकडे, मी बघते."

खुडबुड झाली. मग थेट कानाजवळ, कडक इंग्लिशमध्ये, "हॅलो! ही इज अ सीनियर. किती वेळ झाला हे म्युझिक लावून ठेवलंय तुम्ही. आय वॉन्ट टु स्पीक टु अ पर्सन."

मी काय बोलणार? बाजू चालू होती.

"हॅलो? इज एनीबडी देअर?"

होतो ना. तोंडावर हात धरून बसलो होतो.

मग ती थांबली. तिकडे काका काहीतरी खुणा करत असणार, कारण थोड्या वेळानं ती एकदम हळू आवाजात, मराठीत मला म्हणाली, "काका... तुम्ही आहात का?"

मी बोललो नाही. अजून चार मिनिटं होती.

फोनच्या स्पीकरचं बटण दाबल्याचा आवाज आला. नातू काहीतरी बडबडला, त्याला कुणीतरी 'शू' केलं. आणि मग जमिनीवर लोखंडी खुर्ची ओढल्याचा आवाज आला.