उन्हावर चालणारा गेम आणि पल्लवीच्या कुरडया

मे महिन्यात भर दुपारी स्वतःच्या मर्जीनं गच्चीवर जाऊन बसणारा नागपुरातला मी एकमेव शिकलेला माणूस आहे. आमच्याकडे त्या दिवसांत दुपारी कुत्रीसुद्धा नालीतून बाहेर येत नाहीत. माणसं बाहेर पडलीच तर तोंडाला दुपट्टा बांधून, खिशात कांदा ठेवून, कोणीतरी दवाखान्यात असल्यासारखी पळतात. मी मात्र जेवण झालं की उशी, पाण्याची बाटली आणि मोबाईल घेऊन वर जायचो. मला ऊन हवं होतं. (कूलरसमोर बसून हे वाचणाऱ्यांनी हसू नये. तुमचंही तरुणपणी काहीतरी अर्धवट राहिलं असेलच.)

माझं राहिलं होतं एक भूत. कॉलेजात असताना माझ्या मित्राच्या मामानं परदेशातून हातात मावणारा एक गेम आणला. त्याची एक कॅसेट फार अजब होती. तिच्या माथ्यावर काचेचा बारीक डोळा होता आणि तो डोळा खरंखुरं ऊन बघायचा. ऊन लागलं की गेममधल्या पोराची बंदूक भरायची आणि त्या बंदुकीनं तो भुतं जाळायचा. घरात बसून खेळलं तर बंदूक रिकामी. मित्र खेळायचा आणि मी बाजूला उभा राहून "डावीकडे घे, डावीकडे" करायचो. शेवटचं मोठं भूत जळायच्या आत मामाची सुट्टी संपली आणि तो गेमसकट निघून गेला. भूत तेवढं माझ्या मानगुटीवर ठेवून गेला.

यंदा मला कळलं की त्या जुन्या यंत्राचं सोंग आता आपला मोबाईल घेऊ शकतो. सोंग घ्यायला लावणाऱ्या ॲपला एम्युलेटर म्हणतात. हे ॲप नुसत्या गेमचं नाही, तर कॅसेटवरच्या त्या काचेच्या डोळ्याचंही सोंग घेतं! मोबाईलच्या कपाळावर उजेड मोजणारा एक ठिपका असतो, अंधारात गेलं की स्क्रीन मंद करतो तो. त्यालाच हे ॲप ऊन मोजायच्या कामाला जुंपतं. आणि ज्यांच्या देशात ऊन पाव्हण्यासारखं येतं, त्यांच्यासाठी स्क्रीनवर एक पट्टी दिलेली आहे. बोटानं ती सरकवली की घरबसल्या ऊन. ती पट्टी बघून मला शिसारी आली.

"खोट्या उन्हात मी खेळणार नाही," मी वर्षाला, म्हणजे माझ्या बायकोला, सांगितलं. "मला अस्सल अनुभव पाहिजे."

"अस्सल अनुभव पायजे तं पाण्याची टाकी धुऊन काढा," ती म्हणाली. "तेबी गच्चीवरच आहे."

त्याच आठवड्यात सासूबाई खाप्याहून आमच्या नंदनवनच्या घरी आल्या. सोबत गहू, कुरडयांचा साचा आणि धुतलेली जुनी लुगडी. त्यांच्या नातीचं, पल्लवीचं लग्न नागपुरातच होतं आणि रुखवतात मांडायच्या कुरडया त्यांना आमच्या गच्चीवर करायच्या होत्या. आमच्याकडे वरपक्षाच्या बाया रुखवतातल्या कुरडया आधी पाहतात आणि नवरी नंतर. सासूबाईंनी आजवर घरातल्या प्रत्येक मुलीच्या रुखवतात स्वतःच्या हातच्या कुरडया मांडल्या होत्या. आता बोटं आखडली होती, साचा फिरत नव्हता. "हे शेवटचं," त्या आल्या आल्या म्हणाल्या. "पल्लवीच्या बाद माया हातानं होनार नाई." खाप्याला त्यांच्या घरी माकडं फार. खाप्याच्या माकडांपेक्षा नंदनवनचा जावई बरा, असा त्यांनी विचार केला होता.

गहू तीन दिवस भिजले, वाटले गेले, चीक शिजला आणि एका पहाटे अख्खी गच्ची पांढऱ्या कुरडयांनी भरली. दुपारी सासूबाई दमून हॉलमध्ये कूलरसमोर आडव्या झाल्या.

"जवाईबापू," त्या अदबीनं म्हणाल्या, "तुमी तसेबी वरतच बसता नं? तेवढे कावळे हाकलाल काय?"

मी म्हटलं, "आई, तुम्ही बिनघोर झोपा." पुढे जे घडलं त्यात हे एकच वाक्य मला आजही टोचतं.

वर गेलो आणि गेम सुरू केला. रोज खेळून खेळून मी शेवटच्या भुताच्या दारात पोचलो होतो. बंदूक भरायला त्या मामाच्या देशात म्हणे तासभर लागायचा. नागपूरच्या उन्हात ती डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच भरली आणि लगेच गेममधलं पोरगंच उन्हानं चक्कर येऊन पडलं. त्याला उठवलं. एवढ्या उजेडात स्क्रीनवर काहीच दिसत नाही आणि रोजची ओंजळीची सावली शेवटच्या भुताला पुरेना. खाली जाऊन मिक्सरचा रिकामा खोका आणला, त्याला मोबाईलच्या कपाळापुरती फट पाडली आणि तो डोक्यात घातला. आता स्क्रीन सावलीत, ठिपका उन्हात. फक्त आत माझं भरीत व्हायला लागलं. तेवढ्यात मोबाईल तापला, 'थंड होऊ द्या' असं म्हणाला आणि बंद पडला.

मोबाईल ओल्या रुमालात गुंडाळला. पुन्हा तापला. फ्रिजमध्ये मठ्ठ्याशेजारी ठेवला. बाहेर काढल्यावर त्याला घाम फुटला आणि वर नेताच पुन्हा तापला. आणि शेवटचं भूत तर समोर उभं! खाली हॉलमध्ये सासूबाई घोरत होत्या. त्यांच्या पुढ्यात चाकांचा कूलर गार हवा सोडत होता.

माणसाची मती फिरते ती अशा वेळी, आणि फिरताना ती त्याला फार हुशार असल्यासारखी वाटते. मी कूलर हळूच बंद केला, उचलत-ओढत जिन्यानं वर नेला, टाकीच्या नळानं काठोकाठ भरला, जिन्यातल्या बोर्डाला वायर लावली आणि तोंड माझ्याकडे करून सुरू केला. वर लखलखीत ऊन, अंगावर आणि मोबाईलवर गारेगार तुषार. मला स्वतःचं कौतुक वाटलं. कूलर माझ्याकडे तोंड करून होता आणि माझ्या पाठीमागे कुरडया होत्या, ही गोष्ट मला दिसत होती. कळली नाही एवढंच. कावळा एकही आला नाही. (त्यांना ऊन कळतं.)

इकडे भुताचं अर्धं अंग जळालं आणि तिकडे खालून आवाज आला.

"वर्षे, उठ वं. कूलर गेला."

"लाईन गेली असन, आई."

"लाईन नाई वं. पंखा चालू आहे नं. कूलरच गेला. जागेवर नाई."

मग दार उघडल्याचा आवाज आणि शेजारच्या मेश्रामकाकांचा आवाज. मेश्रामकाका रिटायर झाल्यापासून कोणाच्याही घरात काही झालं की चौकशीला येतात.

"दिवसाढवळ्या कूलर नेला म्हणजे एकट्याचं काम नाई," ते म्हणाले. "चार-पाच जनं असतीन. घरातला मानूस कुठी आहे?"

"वर कावळे हाकलून राहिले," वर्षा म्हणाली.

"मंग वरूनच दिसले असतीन चोर. अन् हे पाणी कायचं सांडलं जिन्यात?"

जिना चढणारी पावलं मी ऐकली, पण भुताच्या अंगात आता एकच कांडी जीव उरला होता. काका काठी घेऊन पुढे, मागे वर्षा, मागे गुडघ्यावर हात ठेवत सासूबाई, अशी वरात गच्चीवर आली. त्यांना दिसला तो डोक्यात मिक्सरचा खोका घातलेला, कूलरच्या फवाऱ्यात न्हाणारा आणि "जळ, जळ एकदाचा" असं ओरडणारा त्यांच्या घरातला कर्ता पुरुष. तिघं भोवती उभे राहिले. त्यांची सावली मोबाईलवर पडली, बंदूक रिकामी झाली आणि भुतानं माझ्या पोराला गिळलं.

मी खोका काढला. सासूबाई माझ्याकडे बघत नव्हत्या. त्या माझ्या पाठीमागे बघत होत्या. कूलरच्या ओल्या हवेनं अर्धवट वाळलेल्या कुरडया पुन्हा लुसलुशीत होऊन एकमेकींच्या गळ्यात पडल्या होत्या. लुगड्याची एक कड उडून उलटली होती आणि तिच्याखाली नुसता लगदा होता.

आमच्याकडे जावयाला तोंडावर बोलत नाहीत. सासूबाईंनी सत्तरीपर्यंत हा नियम मोडला नव्हता आणि त्या दिवशीही मोडला नाही. त्या कूलरला बोलल्या. उन्हाला बोलल्या. मोबाईल ज्यानं काढला त्याच्या सात पिढ्यांना बोलल्या. मग लेकीकडे वळल्या.

"तुले एवढं शिकवलं," त्या म्हणाल्या, "अन् कूलर कुठी ठेवा लागते हे समजत नाई तुले?"

"माया काय संबंध, आई?"

"मंग काय जवाईबापूले बोलू मी?"

मेश्रामकाकांनी माझा मोबाईल हातात घेतला होता. "हे पट्टी कायची आहे गा?"

"उन्हाची," मी म्हणालो. "सरकवली की खोटं ऊन पडतं."

"म्हणजे घरात बसूनबी खेळता येते?"

"येतं."

"मंग वर काहून आला तू?"

अस्सल अनुभव हे दोन शब्द तोंडापर्यंत आले, पण सासूबाई खाली बसून लगद्यातून एक तरी धड कुरडई निघते का ते आखडलेल्या बोटांनी चाचपत होत्या, डोळ्यांना पदर लावत होत्या. मला फार म्हणजे फार वाईट वाटलं. मी उठून कूलर बंद केला.

संध्याकाळी त्यांनी उरलेले गहू भिजवले. कुरडया कशाबशा वाळतील एवढेच दिवस लग्नाला उरले होते. यावेळी साचा मी फिरवला, हाताला फोड येईपर्यंत. वाळवणाजवळही मीच बसलो, मोबाईलशिवाय, कूलरशिवाय, डोक्यावर नुसता ओला पंचा. सासूबाई जिन्याच्या सावलीतून मला सूचना द्यायच्या आणि एकेक सूचना एवढी अदबीची, की त्यापेक्षा शिव्या परवडल्या असत्या. "जवाईबापू, थोडी तसदी घेता काय? ते कोपऱ्यातली उलटवा लागते." "जवाईबापू, तुमाले त्रास नसन तं कावळ्याकडं पाहान काय?" उन्हात खेळायला जो मी रोज चढत होतो, तो मी तीन दिवसांत उन्हाचं नाव ऐकलं तरी पाय ओढत जायला लागलो. पण कुरडया वाळल्या. पांढऱ्याशुभ्र, कडक, एकही तुटली नाही.

लग्नाच्या दिवशी हॉलमध्ये इतर जावयांना टोपी-शेला देऊन पुढच्या रांगेत बसवलं. सासूबाई स्वतः माझ्याकडे आल्या आणि माझा हात धरून मला घेऊन निघाल्या. झालं गेलं विसरल्या असं वाटून मला भरून आलं. त्यांनी मला रुखवताच्या टेबलापाशी नेलं, एक खुर्ची ओढली आणि हॉलवाल्यांचा मोठा कूलर आणि कुरडयांची परात यांच्या बरोबर मध्ये ती ठेवली.

"जवाईबापू, बसा," त्या म्हणाल्या. "कूलरकडं पाठ करा. रुखवत पाहून होईपर्यंत हालू नका."

मी बसलो. पाठीवर सदरा ओला होत गेला. तिकडे अक्षता पडल्या, जावयांची पंगत बसली, उठली. मग वरपक्षाच्या बाया रुखवत पाहायला आल्या. भांडी वाजवून पाहिली, विणकाम उलटून पाहिलं आणि कुरडयांपाशी येऊन थांबल्या. "मोगऱ्यावानी पांढऱ्या हायेत वं," एक म्हणाली. "कोनाच्या हातच्या?" पल्लवीनं आजीकडे बोट दाखवलं. सासूबाईंचा चेहरा असा खुलला, की मी माझी ओली पाठ विसरलो.

त्या बायांतली एक म्हातारी मात्र पुढे सरकली. चष्मा नाकावर चढवून तिनं परात पाहिली, समई पाहिली आणि मग मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"अन् हे?" तिनं सासूबाईंना विचारलं. "हेबी देऊन राहिले काय?"

"न्या न बाई," सासूबाई म्हणाल्या. "फक्त वापस आनू नका."

वर्षा बाजूलाच उभी होती. तिनं काहीच हरकत घेतली नाही.