सूर्याशी भांडलेले नानामामा

नानामामांनी सूर्याला कधी हात जोडले नाहीत. आमचं तुकईथड म्हणजे सकाळी तांब्याभर पाण्याचं अर्घ्य दिल्याशिवाय चहा न घेणाऱ्यांचं गाव. मामा मात्र उगवतीकडे पाठ करून दात घासत. ज्या तापीला सगळे सूर्याची मुलगी म्हणतात, तिच्यात मात्र मनसोक्त डुंबत. हे कसं, असं मी एकदा विचारलं. म्हणाले, "भांडण बापाशी हाय. पोरीनं माहं काय केलं?"

मामा माझ्या आईचे चुलतभाऊ. सूर्याचं नावसुद्धा ते घेत नसत, नुसतं 'तो' म्हणत. भर उन्हात कुणी गप्पा मारत उभं दिसलं की दंडाला धरून सावलीत ओढत आणत, मग तो सरपंच असो की कुणाचा नवा जावई. गाव हसायचं, पण जपून. मामी ऊन लागून गेल्या, केळीच्या बागेतून दवाखान्यात आणताना वाटेतच गेल्या, असं सगळ्यांनी ऐकलं होतं.

मामी गेल्या त्याच वर्षीच्या पावसाळ्यात मामांनी गावच्या दवाखान्याला लागून निंब लावला. बागेआधी त्याला पाणी. झाड वाढलं, छतावर पसरलं, आणि मामांची दुपार त्याच्याखालीच जाऊ लागली. दातवणासाठी कुणी काडी मोडली तरी ते आठवडाभर त्या माणसाशी बोलत नसत.

गेल्या वर्षी दवाखान्यावर सोलर बसवायचं ठरलं. आलेला इंजिनिअर आमच्या उन्हावर भलताच खूश होता. अडचण एकच, निंबाची सावली. झाड तोडायची परवानगी आली, पण मामांना सांगायचं कुणी? मी बुऱ्हाणपूरला शनवारा भागात राहते, शाळेत शिकवते. सरपंचांनी मला फोन केला. आमच्याकडे मामा भाचीच्या पाया पडतो आणि तिला नाही म्हणत नाही, हे त्यांच्या डोक्यात. या मानाचा असा उपयोग करायचा? मला संताप आला. तरी गेले.

पोहोचले आणि पाहते तो काय, निंबाच्या निम्म्या फांद्या जमिनीवर होत्या, आणि कुऱ्हाड मामांच्या हातात होती. सरपंच बाजूला तोंडात मारल्यासारखे उभे. मामांना कुणीही काही सांगितलं नव्हतं. इंजिनिअरचं बोलणं त्यांनी झाडाखाली बसूनच ऐकलं होतं.

"मामा, हे काय केलं?" मी विचारलं.

त्यांनी घाम पुसला. "तुही मामी वाटेत नाही गेली. इथं आणली तव्हा जित्ती व्हती. लाइट नव्हती, पंखा हलला नाही. मी एकलाच पुठ्ठ्यानं वारा घालत बसलो. बाहेर एवढं ऊन जळत व्हतं, पोरी, अन् आत एका पंख्यापुरती वीज नव्हती. आता तो राबणार असंन, तर राबू दे."

इतकी वर्षं हे त्यांनी सख्ख्या भावालाही सांगितलं नव्हतं. मामांनी पुन्हा कुऱ्हाड उचलली, तेव्हा त्यांना अडवायची कुणाची हिंमत झाली नाही.

यंदाच्या वैशाखात मी सुट्टीत गावी होते. एका दुपारी साऱ्या गावाची लाइट गेली, आणि दवाखान्याचा पंखा फिरतच राहिला. मामा आत गेले आणि चक्क खाटेवर आडवे झाले. सिस्टर घाबरून धावली, मनगट धरून काय होतंय म्हणून विचारू लागली. मीही धावले.

"मले काही नाही झालं, बाई," पंख्यावरची नजर न काढता ते म्हणाले. "तिले कसं वाटलं असतं, ते पाहू राहिलो."