सेव्हबापू

भेटल्यावर माणसं "काय चाललंय?" विचारतात, "जेवलास का?" विचारतात. बापू विचारायचा, "सेव्ह केलंस का रं?" सांगलीत माधवनगर रस्त्यावरच्या आमच्या डीटीपी सेंटरात दिवसातून तीनदा तरी वीज जायची आणि लग्नपत्रिकेतले वधूवर, त्यांचे आईवडील, मामा आणि मुहूर्त सगळे एका झटक्यात नाहीसे व्हायचे. बापूचं कधी काही गेलं नाही. दर दोन ओळींनी त्याचा हात आपोआप दोन बटणं दाबून यायचा. सेव्हबापू हे नाव त्याला मीच ठेवलं होतं, आणि ते चेष्टेनं ठेवलं होतं. लोकांनी ते कौतुकानं घेतलं. माझं दुखणं तिथूनच सुरू झालं.

मला त्याचा हेवा वाटायचा. आडवळणानं सांगण्यात काही अर्थ नाही. मी पुण्याला जाऊन सहा महिन्यांचा कोर्स केला होता, त्याचं सर्टिफिकेट मालकांच्या खुर्चीमागे फ्रेम करून लावलं होतं. बापू पाटणचा, दहावी झालेला, माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठा. सेंटरच्या जागी आधी मालकांचा छापखाना होता, तिथं तो शिशाचे खिळे, म्हणजे छपाईची उलटी अक्षरं, जुळवायचा. खिळे गेले, कॉम्प्युटर आले आणि मालकांनी याला दयेपोटी ठेवून घेतलं, असं मी समजत होतो. पण गिऱ्हाईक आत येताना माझ्या डोक्यावरून बघत विचारायचं, "बापू न्हाईत व्हय?" मी समोर बसलेलो असायचो. तोंडावर मी बापूला अहो-जाहो करायचो. मनात कधी केलं नाही.

मशीन अडलं की मी मॅन्युअल उघडायचो. बापू मशीनच्या पाठीवर हात ठेवायचा, "तापलंय गड्या, च्या पिऊन येऊ," म्हणायचा, आणि चहा पिऊन येईपर्यंत ते खरंच ताळ्यावर यायचं. एका खंडेनवमीला मालकांच्या बायकोनं, म्हणजे आमच्या काकूंनी, यंत्रांची पूजा केली आणि फ्लॉपीची फट दिसली म्हणून हळदकुंकू नि अक्षता नेमक्या तिथंच वाहिल्या. दसरा झाल्यावर ते मशीन एकही फ्लॉपी वाचेना. पुण्याहून माणूस बोलवावा लागेल असं मी जाहीर करून टाकलं. बापूनं पेटी उघडली, काकूंकडूनच केसांतली पिन मागून घेतली आणि एकेक तांदूळ बाहेर काढला. "काकू, म्होरल्या साली कव्हरावर वाहा. याला आजपास्नं उपास." काकू पदर तोंडाला लावून हसल्या. हेच मी बोललो असतो तर आठवडाभर मला चहा मिळाला नसता.

दुपारी काम नसलं की आम्ही दोघं मशीनवर सुरुंगाचा खेळ खेळायचो. एकेक चौकोन उघडत जायचं, सुरुंगावर बोट पडलं की खेळ खलास. मी गणित मांडून हरायचो, तो गप्पा मारत जिंकायचा. गणपतीत त्यानं मशीनच्या पीं-पीं आवाजातून आरतीची चाल बसवली, ती ऐकायला शेजारचा टेलर शिलाई टाकून यायचा. मी आठवडाभर खपून पडद्यावर फडकणारा झेंडा तयार केला होता. तो बघायला एकटा बापू आला. "लय भारी केलंस," म्हणाला. त्याचाही मला रागच आला.

हा सगळा राग मी लिहून ठेवायचो, आणि तोही सेंटरच्या मशीनवर. त्या काळी मराठी फाँटची एक पीडा होती. मराठीत टाइप केलेल्या मजकुराचा फाँट बदलला की इंग्रजी अक्षरं, टिंबं आणि डॉलरच्या खुणा यांची नुसती खिचडी दिसायची. या खिचडीपायी आम्ही किती शिव्या खाल्ल्या असतील! पण माझी त्यात छान सोय झाली. मनातलं सगळं मराठीत लिहायचं आणि फाँट इंग्रजी करून ठेवायचा. फायलीला मी 'लग्न ४१' असं साळसूद नाव दिलं होतं. आत बापूशिवाय दुसरा विषय नव्हता. शेवटचं वाक्य होतं, 'हा इथून कधी जाणार?'

एके दिवशी साताऱ्याहून एक हेडमास्तर शाळेच्या स्मरणिकेची फ्लॉपी घेऊन आले. उघडली तर पानंच्या पानं खिचडी. त्यांचा फाँट आमच्याकडे नव्हता.

"पुन्हा टाइप करावं लागेल. हस्तलिखित द्या," मी म्हणालो.

"हस्तलिखित कुठलं आता? अहो, परवा समारंभ आहे!" हेडमास्तर रडकुंडीला आले होते.

बापूनं खुर्ची ओढली. पाचेक मिनिटं पडद्याकडे बघत बसला. मग मला म्हणाला, "तू त्या मशीनवर बस. मी वाचतो." आणि त्यानं ती खिचडी वाचायला सुरुवात केली. माजी विद्यार्थ्यांचं मनोगत, देणगीदारांचे आभार, सगळं घडाघडा.

"हे तुम्ही कसं वाचताय?" हेडमास्तरांनी विचारलं.

"उलटं खिळं वाचून डोळंच तसलं झाल्यात, सर. येका खुणंला येक अक्षर. कळ काढली की उमगतंय."

मी टाइप करत होतो. चौथ्या पानावर माझी बोटं थांबली. लग्न ४१. तीही अशीच खिचडी होती, आणि याच सेंटरातल्या मशीनवर होती.

"काय झालं रं?" बापू म्हणाला. "सेव्ह केलंस का?"

तो चहाला गेल्यावर मी ती फाईल पुसून टाकली. पुढचे दोन महिने त्याच्या तोंडाकडे बघण्यात घालवले. तिथं काही दिसलं नाही. चहाला तसाच हाक मारायचा, सुरुंगाच्या खेळात तसाच हरवायचा. मग सरकारी दवाखान्यात सिस्टर असलेल्या त्याच्या बायकोची पाटणला बदली झाली आणि बापूनं नोकरी सोडली. मी मनापासून मागितलेली गोष्ट मिळाली होती, आणि मला जेवण जाईना.

एसटी स्टँडवर पोचवायला मी एकटाच गेलो होतो. गाडीत चढताना त्यानं खिशातून एक फ्लॉपी काढून दिली. "तुझं येक माझ्याकडं ऱ्हायलं हुतं."

सेंटरात येऊन उघडली. खिचडी. फाँट बदलला, तर लग्न ४१. मी पुसण्याआधी कधीतरी त्यानं ती सेव्ह करून ठेवली होती. एक शब्द गाळला नव्हता, फक्त शुद्धलेखन सुधारलं होतं. त्याला मी एके ठिकाणी 'निच' म्हटलं होतं, त्यानं ते 'नीच' केलं होतं. आणि शेवटी, 'हा इथून कधी जाणार?' याच्याखाली एक नवी ओळ होती: 'आज निघालो. तू बरं लिहितोस. पुसत जाऊ नको.'

मी टेबलावर डोकं ठेवून रडलो. रडतानाही मला त्याचा हेवा वाटत होता. असलं वाचून त्याच माणसाबरोबर दोन महिने चहा पिणं मला या जन्मात जमणार नाही. पुढं मी लिहायला लागलो, तो त्या एका ओळीमुळे. आणि ती वाचायलासुद्धा मला फाँट बदलावा लागला होता.