दोघींनी शाकारलेलं घर

चौलच्या सखूबाईंनी छत्तीस वर्षं आरोग्य सेविका म्हणून नोकरी केली. वाड्यावाड्यांतून चालत फिरून लसी टोचल्या, बाळंतपणं केली. निवृत्त झाल्यावर मनात एकच होतं, वडिलांचं घर नीट करायचं. धर्माजी मास्तरांनी बांधलेलं ते कौलारू घर वादळात एका अंगाने खचलं होतं आणि वाशांना वाळवी लागली होती.

मुलगा प्रथमेश खारघरला. "आई, पाडून टाक, स्लॅब घालू," एवढंच फोनवर म्हणायचा.

"आणि उन्हाळ्यात त्याखाली भाजून निघू?" असं म्हणून सखूबाई कामाला लागल्या.

शिवदास सुताराने नवे वासे चढवले, त्यांवर कौलं टेकायला आडव्या रिपा ठोकल्या. चंदर गवंड्याने भिंती सारख्या केल्या आणि जुनी कौलं धुऊन अंगणात रचली. मग त्याला काशीदला एका रिसॉर्टचं काम मिळालं. "आठ दिवसांत येतो" म्हणून गेला तो गेलाच. एप्रिल संपत आला. सखूबाई पडवीत ताडपत्री बांधून तिथेच रांधत होत्या, तिथेच झोपत होत्या.

नलू त्यांची लहानपणापासूनची मैत्रीण, रेवदंड्याच्या कोळीवाड्यातली. चौथीपर्यंत दोघी एका बाकावर होत्या. पुढे नलू आईबरोबर बाजारात बसू लागली, सखू शिकत राहिली, पण येणंजाणं कधी थांबलं नाही. नलूचा थोरला विनेश जन्मला तो सखूच्याच हातावर. मासळी विकून झाली की नलू टोपली घेऊन सखूकडे चहाला यायची.

त्या दिवशी तिने वर उघड्या रिपांकडे पाहिलं. "काय गो, चांदण्या मोजत झोपतेस काय?"

"चंदर फोनच उचलत नाही."

"न्हाय तर न्हाय. आपण चढवू कौलं."

"आपण? अगं, बासष्ट वर्षांची आहे मी."

"मग मी काय सोळाची हाय?" म्हणत नलूने पदर खोचला आणि ती शिडी चढलीसुद्धा.

सखूबाईंना उंचीची भीती. त्या शिडीच्या चौथ्या पायरीवर उभ्या राहून एकेक कौल वर देत. नलूने आढ्यापासून सुरुवात केली आणि तीन दिवसांत एक बाजू खालपर्यंत आणली.

"आता पाइपाने पाणी मारते. तू आत उभी राहून बघ," ती वरून म्हणाली.

सखूबाई आत गेल्या. पाणी सुटलं आणि जिथे तिथे धारा लागल्या.

"बंद कर गं!" त्या ओरडल्या. नलूला वाटलं, अजून सोड म्हणतेय. तिने पाइप तसाच सगळीकडे फिरवला. खाली येऊन बघते तर सखूबाई नखशिखान्त भिजलेल्या, चष्म्यावरून पाणी निथळतंय. दोघी हसता हसता ओट्यावर बसल्याच.

सखूबाई लुगडं बदलायला आत गेल्या. नलूने टोपलीत त्यांच्यासाठी राखून ठेवलेला जिताडा साफ करायला घेतला. खवले काढता काढता तिचा हात मध्येच थांबला.

"सखू, इकडं ये. हे बघ, डोक्याकडचा खवला वर हाय, शेपटीकडचा त्याच्या खाली. पाणी कसं सरळ निघून जाईल. आपण उलटं केलंय. खालचं कौल वरच्याच्या वर बसवलंय." तिने कपाळावर हात मारला. "पन्नास वर्षं खवले काढते मी, आणि हे कळलं न्हाय!"

दुसऱ्या दिवशी सगळी कौलं उतरवली. वळचणीपासून सुरुवात करून वर वर जात सात दिवसांत दोन्ही बाजू झाल्या. शेवटची आढ्यावरची कौलं द्यायला सखूबाई नलूचा हात धरून वरपर्यंत चढल्या. समोर माडांपलीकडे खाडी चमकत होती. जन्म या घरात गेला, पण इथून खाडी दिसते हे त्यांना आजच कळलं. मग बराच वेळ त्या खाली उतरेचनात.

रविवारी प्रथमेश आणि त्याची बायको प्रांजली आले. प्रथमेशने स्वतः अर्धा तास पाणी मारून पाहिलं. प्रांजली आतून म्हणाली, "एक थेंब नाही हो!"

"गवंडी कोण मिळाला, आई?"

"नलू मिळाली."

बुद्धपौर्णिमेला घरात वंदना झाली, खीर झाली. नलू केसांत अबोलीचा गजरा माळून दोन्ही सुनांना घेऊन आली. खिरीची वाटी हातात घेत सुनांना म्हणाली, "लहानपणी या घरात भाकरी खाल्ली म्हणून आयेनं मला झोडपली होती. मी दुसऱ्या दिवशी परत आले जेवायला."

"आणि दोन भाकऱ्या खाऊन गेलीस," सखूबाई म्हणाल्या आणि तिच्या वाटीत आणखी एक पळी ओतली.

शेजारचे बाबाजी वर छपराकडे बघत बसले होते. "आमचा गोठा पण शाकारायचा होता गं," ते अंदाज घेत म्हणाले.

नलूने सखूकडे पाहिलं. सखूबाई म्हणाल्या, "सोमवारी येतो. या वेळी वर मी बसणार."