हरणाच्या मानेवर ठेवलेला हात

अमेरिकेत आल्यावर नवऱ्याला शिकारीचा नाद लागला. परवाना काढून केलेली असली तरी ती मला रुचत नसे. यंदा मात्र त्याने फारच आग्रह केला, म्हणून पहिल्यांदाच सोबत गेले. झाडावरच्या मचाणावर आम्ही दोघं गारठून बसलो होतो. उजाडता उजाडता हरीण आलं. एकाच गोळीत ते जागीच कोसळलं.

खाली उतरून नवऱ्याने हातमोजा काढला, हरणाच्या मानेवर हात ठेवला आणि तसाच बसून राहिला.

"दर वेळी असाच बसतोस?" मी विचारलं.

"ऊब असेपर्यंत. त्याला एकटं सोडून कसं उठायचं?"

वीस वर्षं एका घरात राहूनही माणसाचं केवढं तरी आपल्याला दिसलेलं नसतं. शिकार मला अजूनही रुचली नव्हती. पण मी त्याच्या शेजारी गुडघे टेकून बसले.