जिनोआतला नारळ

मांजरसुंब्याच्या चौकात सध्या आमचं बॅनर लागलंय. मध्ये फेटा बांधलेले, हात जोडलेले माझे मोठे दीर आणि वर ठळक अक्षरांत 'यशस्वी इटली दौरा'. कसला डोंबलाचा यशस्वी! ते बॅनर दिसलं की माझं डोकं नव्याने तापतं.

मी उमापूरच्या शाळेत सगळी नोकरी भूगोल शिकवण्यात घालवली. 'जिनोआ हे डोंगराच्या पायथ्याशी वसलेलं उत्तम नैसर्गिक बंदर आहे', हे वाक्य फळ्यावर किती वेळा लिहिलं त्याला गणती नाही. दरवर्षी कुणीतरी पोर विचारायचंच, "बाई, तुमी पाहिलंय का?" जिनोआ राहू द्या, मी कुठलंच बंदर पाहिलं नव्हतं. म्हणून दिरांनी, म्हणजे सगळ्यांच्या दादांनी, कार्यकर्ते आणि त्यांच्या बायकांना घेऊन जहाजाची सहल काढली, तेव्हा मी एकच अट घातली. बाकी गावं तुम्ही म्हणाल तशी बघू, जिनोआत मात्र मला जुन्या बंदरावर न्यायचं. यांनी, म्हणजे माझ्या नवऱ्याने, सगळ्यांसमोर हो म्हटलं होतं.

जहाज धक्क्याला लागलं तेव्हा वरून नुसत्या क्रेनी आणि कंटेनर दिसले. जुनं बंदर पुढे, चालत जाण्यासारखं. आम्ही उतरून बाहेरच्या चौकात आलो आणि गाईडबाई छत्री उंच धरून निघालीसुद्धा. तेवढ्यात दीर म्हणाले, "थांबा. आधी या गाईडबाईंचा सत्कार करू."

शाल आणली होती, फेटे आणले होते. नारळ नव्हता. एकजण बिचकत म्हणाला, संत्रं चालेल का? दुसरा त्याच्या अंगावर गेला, "येडा झाला का बे? दादाच्या हातात संत्रं? फोटू गावाकडं जायचाय." मग दोघे नारळ शोधायला गेले. ना रस्ता माहीत, ना भाषा, आणि इटलीत नारळ शोधतायत!

आम्ही उभे. दादा उभे होते ना, मग कोण हलणार? आमच्याकडे पुढारी जागचा हलल्याशिवाय बाकीच्यांनी पाय उचलायचा नसतो. गाईडबाई घड्याळ दाखवत होती आणि हे सगळे तिला हसून नमस्कार घालत होते.

मी यांना म्हटलं, "माझं कार्ड द्या. मी एकटी जाऊन येते." त्या कार्डाशिवाय जहाजात परत घेत नाहीत. ते प्रत्येकाला वेगळं मिळतं, पण आमच्यातल्या झाडून सगळ्या बायकांची कार्डं नवऱ्यांच्या कमरेच्या पाऊचमध्ये होती. का, तर बायका हरवतात. जन्मभर पोरांना नकाशे वाचायला शिकवलं, आणि मी हरवणार!

"थांब की जरा," हे हळूच म्हणाले. "दादा काय म्हणतील?"

"आणि मला काय कबूल केलं होतं?"

"अगं, नारळ तर येऊ दे."

"चुलीत घाला तो नारळ!" मी ओरडले. चौकातली चार परकी माणसंही वळून बघायला लागली. जावेने माझा हात दाबला. दीर मात्र मोठ्याने हसले. "मास्तरीणबाई लई तापल्या. त्यांचाबी सत्कार करून टाकू."

नारळ आला, वाळकुंडा, कुठल्याशा किराणा दुकानातला. आधी गाईडबाईंचा सत्कार झाला. मग त्याच शालीने, त्याच नारळाने माझा. मग प्रत्येक कार्यकर्त्याने दिरांचा केला, आणि प्रत्येकाला वेगळा फोटो हवा होता. त्यावर दिरांचं भाषण. ते संपलं तेव्हा गाईडबाईंनी छत्री मिटली आणि जहाजाकडे बोट दाखवलं. दाराशी पोचल्यावर यांनी पाऊच उघडलं आणि माझं कार्ड माझ्या हातात दिलं. मी दोन दिवस यांच्याशी बोलले नाही. त्यांच्या ते लक्षातही आलं नाही.

काल बीडला जाताना त्याच चौकातल्या ढाब्यावर चहाला थांबलो. ढाब्याच्या गल्ल्यावर माझी जुनी विद्यार्थिनी बसते. बॅनरच्या एका कोपऱ्यात, शाल पांघरलेली मी तिला सापडले होते. ती आनंदाने उठून आली.

"बाई, शेवटी बघितलंच की तुमी! कसं हाय हो बंदर?"

हे शेजारी बशीत चहा ओतत होते. मी यांच्याकडे बघत तिला सांगितलं, "डोंगराच्या पायथ्याशी वसलेलं उत्तम नैसर्गिक बंदर आहे."