दाजींच्या कंबरेची बडदास्त

दाजी, म्हणजे माझ्या ताईचा नवरा, केस कापायचं दुकान चालवतात. गिऱ्हाइकांच्या डोक्यावर वाकून वाकून एक दिवस त्यांची कंबर धरली आणि तेव्हापासून घरात कंबर हीच कर्ती झाली. तिला विचारल्याशिवाय पंखासुद्धा लागेना.

फिजिओथेरपिस्ट बाईंनी तपासून सांगितलं, "हाडं शाबूत आहेत, स्नायू आखडलेत. पडून राहू नका. चाला, व्यायाम करा. शेकाने तात्पुरतं बरं वाटेल, बाकी काही नाही." एवढ्या उपदेशातून दाजींनी नेमका शेक उचलला. तेवढंच वजन त्यांना झेपलं असावं.

दवाखान्यात मात्र ते आदर्श विद्यार्थी. उताणं झोपून गुडघे छातीशी, मग कंबर वर, सगळं बाईंच्या देखत अगदी चोख. पलंगावरून उठायची पद्धतही तिथंच शिकले: कुशीवर वळायचं, पाय खाली सोडायचे, हाताने रेटा द्यायचा. घरी आले की सगळं विसरायचे. "मला कुठं जमतंय!" म्हणून कण्हत हात पुढे करायचे आणि ताई त्यांना काखेत धरून उठवायची. ताई अंगाने काडी. दाजी... जाऊ दे. मी चिडलो की ती म्हणायची, "अरे, खरंच दुखतं रे त्यांना."

दुखत होतं, ते खोटं नव्हतं. पण अशाने एक दिवस ताईचीच पाठ जाईल, ही धास्ती मला एकट्यालाच होती. आणि मेहुण्याचं ऐकतो कोण?

गेल्या रविवारी मी गेलो तेव्हा तेच चाललं होतं. ताईने त्यांना अर्धवट उचललं आणि "आई गं!" करत ती खालीच बसली. चेहरा पांढराफटक. मी दारातून धावेपर्यंत दाजी कुशीवर वळले, पाय सोडले, हात टेकला आणि ताडकन उभे राहिले. बाईंनी पाहिलं असतं तर शाबासकी दिली असती.

"लागलं का गं?" त्यांनी वाकून विचारलं. वाकून!

ताई त्यांच्याकडे बघत राहिली. त्यांनी पुढे केलेला हात तिने धरला नाही, माझा धरला.

"म्हणजे जमत होतं तुम्हाला," ती म्हणाली. आवाज जराही चढला नाही. चढला असता तर दाजी सुटले असते.